सी भाषेत कमांड लाइनवरचा टास्क मॅनेजर: पहिल्यांदाच लिहिणाऱ्यांसाठी

टास्क मॅनेजर म्हणजे इथे चालू प्रोसेस दाखवणारी खिडकी नव्हे. करायच्या कामांची यादी सांभाळणारा साधा प्रोग्रॅम. टर्मिनलवर एक ओळ टाइप केली की काम यादीत जातं, दुसरी टाइप केली की यादी दिसते, तिसरीने काम झालं अशी खूण होते, चौथीने ते यादीतून जातं. दीडशे-दोनशे ओळींत सगळं मावतं. तरी शिकाऊ माणसासाठी हा सराव उत्तम, कारण सी भाषेतल्या बहुतेक अडचणीच्या जागा इथे एकाच ठिकाणी भेटतात: स्ट्रिंग, पॉइंटर, मेमरी आणि फाइल.

यातल्या फाइलकडे नवशिक्यांचं लक्ष सगळ्यात कमी असतं. कमांड चुकली तर पुन्हा टाइप करता येते, पण यादीची फाइल रिकामी झाली तर ती परत येत नाही. म्हणून या लेखात चार कमांडना थोडी जागा आहे आणि फाइल वाचण्या-लिहिण्याला भरपूर.

एक सूचना. फंक्शनांची आणि कमांडची नावं इथे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. स्पेलिंगचा घोळ होण्यासारखा असेल तिथे अक्षरं सुटी करून सांगितली आहेत.

तयारी

डेबियन किंवा उबुंटूवर बिल्ड-इसेन्शिअल हे पॅकेज टाकलं की जीसीसी हा कंपाइलर, मेक आणि लागणाऱ्या हेडर फाइली एकदम येतात. मॅकवर कमांड लाइन टूल्स टाकावी लागतात. तिथे जीसीसी असं टाइप केलं तरी चालतो तो क्लँग हा दुसरा कंपाइलर, पण आपल्या कामात फरक पडत नाही. विंडोजवर असाल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय) घ्या. पुढचं बरंचसं वर्णन लिनक्स आणि मॅकला धरून आहे. विंडोजवर जिथे वागणूक वेगळी आहे तिथे तसं सांगितलं आहे.

कंपाइल करताना पहिल्या दिवसापासून पाच पर्याय लावून टाका: वॉल (हायफन, मोठा डब्ल्यू, मग ए-एल-एल), तसाच डब्ल्यू-एक्स्ट्रा, डीबगरसाठी हायफन-जी, मानक ठरवायला एसटीडी=सी११, आणि एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड. शेवटचा पर्याय जादूसारखा आहे. ॲरेच्या हद्दीबाहेर एक बाइट जरी लिहिला तरी प्रोग्रॅम बहुतेक वेळा तिथल्या तिथे थांबतो आणि नेमका ओळ क्रमांक सांगतो. तो नसेल तर तोच प्रोग्रॅम आज बरोबर चालतो, उद्या कोसळतो, आणि चूक कुठे आहे ते शोधण्यात संध्याकाळ जाते. वॉर्निंग आली तर ती घालवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रोग्रॅमचं नाव 'टेस्ट' ठेवू नका. त्या नावाची कमांड शेलमध्ये (टर्मिनलवर टाइप केलेल्या कमांड चालवणारा प्रोग्रॅम) आधीच आहे. तुम्ही नुसतं नाव टाइप कराल, शेल स्वतःची कमांड चालवेल आणि पडद्यावर काहीच येणार नाही. तसंही चालू फोल्डरमधला प्रोग्रॅम चालवताना नावाआधी टिंब आणि तिरकी रेघ (./) लावावी लागते, कारण शेल चालू फोल्डरमध्ये आपणहून शोधत नाही. आपण या प्रोग्रॅमला 'काम' म्हणू.

कोडच्या आधी फाइलचा साचा

एडिटर उघडण्याआधी यादी फाइलमध्ये कशी दिसेल ते ठरवा. एका ओळीत एक काम, तीन भाग, मध्ये उभी रेघ:

१|०|अहवाल पूर्ण करणे
२|१|गाळणी धुणे
३|०|खिडकीची काच बदलणे

पहिला भाग कामाचा क्रमांक, दुसरा स्थिती (शून्य म्हणजे बाकी, एक म्हणजे झालं), तिसरा मजकूर. खऱ्या फाइलमध्ये अंक इंग्रजी (1, 2, 3) असतील. मजकूर शेवटी ठेवण्यामागे कारण आहे. पहिल्या दोन भागांत फक्त अंक असतात, त्यामुळे दुसऱ्या उभ्या रेघेनंतर जे काही उरेल ते सगळं मजकूर. मजकुरात उभी रेघ आली तरी बिघडत नाही. मजकूर मधे ठेवला असता तर ती रेघ वेगळी करण्याची भानगड मागे लागली असती. नवी ओळ (म्हणजे एंटर दाबल्यावर येणारं अदृश्य अक्षर) मात्र मजकुरात चालणार नाही, ती जोडतानाच नाकारायची.

अनेकांना वाटतं, स्ट्रक्ट (एका कामाचे सगळे रकाने एकत्र ठेवणारी रचना) जशीच्या तशी एफराइटने बायनरी फाइलमध्ये टाकली तर कोड कमी लागेल. कोड कमी लागतो हे खरं. पण महिन्याभराने स्ट्रक्टमध्ये एक रकाना वाढवलात की जुनी फाइल वाचता येत नाही. शिवाय रकान्यांच्या मधे कंपाइलर स्वतःहून मोकळे बाइट सोडू शकतो, आणि ते किती हे यंत्रावर अवलंबून असतं. साध्या मजकुराची फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, डोळ्यांनी तपासता येते, चुकलं तर हाताने दुरुस्त होते. एवढ्या छोट्या कामाला बायनरी फाइल घेऊ नका.

फाइल कुठे ठेवायची हेही आत्ताच ठरवा. नुसतं नाव दिलं तर प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून चालवाल तिथे ती शोधली जाते. घरच्या फोल्डरमधून चार कामं जोडली, मग दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन यादी मागितली, तर ती रिकामी दिसते; नवशिक्या घाबरतो आणि कामं पुन्हा जोडतो. अशा दोन-तीन याद्या इकडे-तिकडे साठतात. त्यापेक्षा गेटएन्व्हने होम (एच-ओ-एम-ई, सगळी मोठी अक्षरं) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून, म्हणजे शेल प्रोग्रॅमला नाव लावून देतो त्या माहितीतून, घरच्या फोल्डरचा पत्ता घ्या आणि त्याला फाइलचं नाव जोडा. गेटएन्व्ह नल (म्हणजे कुठलाच पत्ता नाही) परत देऊ शकतं, ते तपासा. त्याच्याही आधी 'कामफाइल' अशा नावाचा स्वतःचा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघा आणि तो असेल तर तोच पत्ता वापरा. चाचणी करताना खरी यादी बाजूला राहते.

स्ट्रक्ट आणि वाढती ॲरे

स्ट्रक्टमध्ये तीन रकाने: क्रमांकासाठी इंट, स्थितीसाठी इंट, मजकुरासाठी ५१२ कॅरेक्टरची ॲरे. ५१२ हा आकडा थेट न लिहिता डिफाइनने नाव देऊन लिहा. चार बाइटचा इंट धरला तर एक काम ५२० बाइट घेतं. हजार कामं झाली तरी अर्धा मेगाबाइट. मजकुरासाठी वेगळी मेमरी मागण्याच्या फंदात पहिल्या आवृत्तीत पडू नका, कारण मग प्रत्येक काम काढताना ती मोकळी करणं आलं.

कामांची ॲरे मात्र वाढती ठेवा. तीन गोष्टी लागतात: पॉइंटर, आत्ता किती कामं आहेत, आणि किती मावतील. जागा संपली की मेमरीचा तुकडा मोठा करून घ्यायचा: क्षमता दुप्पट करून रिअ‍ॅलॉक. इथे एक जुनी चूक फार लोक करतात. रिअ‍ॅलॉकचं उत्तर थेट त्याच पॉइंटरमध्ये घेतात. मेमरी मिळाली नाही तर उत्तर नल येतं, जुना पत्ता पुसला जातो आणि जुनी मेमरी तशीच अडकून राहते. उत्तर आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये घ्या, नल नाही हे बघा, मगच खऱ्या पॉइंटरला द्या. सुरुवातीला पॉइंटर नल आणि क्षमता शून्य असेल तर दुप्पट करून शून्यच राहते, म्हणून पहिल्यांदा सरळ ८ द्या. आकार मागताना कामांची संख्या गुणिले एका कामाचा साइझऑफ (म्हणजे ते किती बाइट घेतं). गुणाकार विसरला तर आठ बाइटमध्ये ५२० बाइट कोंबले जातात. ॲड्रेस सॅनिटायझर ते लगेच पकडतो.

मेन आणि कमांड ओळखणं

मेनला दोन गोष्टी मिळतात: आर्गसी म्हणजे शब्द किती, आणि आर्गव्ही म्हणजे ते शब्द. शून्याव्या जागी प्रोग्रॅमचंच नाव असतं. म्हणजे 'काम लिस्ट' टाइप केलं तर आर्गसी २ असतो आणि लिस्ट हा शब्द आर्गव्हीच्या १ क्रमांकाच्या जागी. आर्गसी २ पेक्षा कमी असेल तर वापर कसा करायचा ते चार ओळींत सांगून थांबा. ही तपासणी राहिली तर आर्गव्ही[१] मध्ये नल असतो, तो स्ट्रकॉम्पला जातो आणि प्रोग्रॅम 'सेगमेंटेशन फॉल्ट' म्हणून मरतो.

शब्द ओळखायला स्ट्रकॉम्प (एस-टी-आर-सी-एम-पी), आणि ते शून्य आलं तर दोन्ही स्ट्रिंग सारख्या. दोन बरोबरच्या चिन्हांनी (==) तुलना केली तर मजकुराची नव्हे, पत्त्यांची तुलना होते आणि ती जवळजवळ नेहमीच खोटी निघते. चार कमांड: ॲड, लिस्ट, डन, डिलीट. कमांडची नावं देवनागरीत ठेवली तरी लिनक्सवर चालतील, स्ट्रकॉम्प नुसते बाइट ताडून बघतं. पण प्रत्येक वेळी कीबोर्डची भाषा बदलावी लागते, म्हणून कमांड रोमन आणि मजकूर मराठीत ही वाटणी सोयीची.

चूक कळवणारे संदेश एसटीडीएरवर (चुकांसाठीचा वेगळा आउटपुट मार्ग) लिहा, प्रिंटएफने नव्हे. यादी फाइलमध्ये वळवली असताना चुकेचा संदेश त्या फाइलमध्ये जाऊन बसू नये. आणि मेनमधून परत येणारा आकडा नीट द्या: सगळं ठीक तर ०, काम बिघडलं तर १, कमांडच चुकीची टाइप केली तर २.

डन आणि डिलीटला क्रमांक लागतो. त्यासाठी एटॉय (ए-टी-ओ-आय) वापरू नका. अंक नसलेला शब्द दिला तर ते गुपचूप शून्य देतं, आणि कोणी क्रमांक शून्यापासून सुरू केले असतील तर 'डिलीट अबक' म्हटल्यावर पहिलं काम उडतं. स्ट्रटोल (एस-टी-आर-टी-ओ-एल) घ्या. त्याला दुसरा आर्ग्युमेंट म्हणून एका पॉइंटरचा पत्ता देता येतो. वाचन जिथे थांबलं ती जागा त्यात मिळते. आधी एर्नो (शेवटच्या चुकेचा क्रमांक ठेवणारा व्हेरिएबल) शून्य करा, मग स्ट्रटोल चालवा, मग चार गोष्टी बघा: थांबलेली जागा सुरुवातीचीच आहे का (म्हणजे अंकच नव्हता), थांबलेल्या जागी स्ट्रिंग संपली आहे का, एर्नो इ-रेंज झाला आहे का, आणि आकडा १ ते इंट-मॅक्सच्या आत आहे का. हे सगळं एका छोट्या फंक्शनमध्ये बांधा. स्ट्रटोलला देवनागरी अंक कळत नाहीत. कोणी 'डन ३' असं मराठी कीबोर्डवरून टाइप केलं तर 'हा क्रमांक नाही' असाच संदेश येईल, आणि तसाच यायला हवा.

फाइल वाचणं

प्रोग्रॅम बांधताना लिस्ट ही कमांड आधी लिहा. एडिटरमध्ये हाताने तीन ओळींची फाइल बनवा आणि ती नीट वाचून दाखवता येते का बघा. वाचणं पक्कं झाल्यावरच लिहिण्याला हात घाला.

फाइल उघडणाऱ्या एफओपनचं उत्तर नल आलं तर काय? पहिल्यांदा चालवताना फाइल नसणारच, म्हणून बहुतेक जण 'नल म्हणजे यादी रिकामी' असं धरून पुढे जातात. इथेच घात होतो. नल येण्याची इतरही कारणं असतात: वाचायची परवानगी नाही, एका वेळी उघडता येतील तेवढ्या फाइली आधीच उघड्या आहेत, डिस्क वाचताना अडचण आली. या सगळ्यांना रिकामी यादी मानलं आणि वापरणाऱ्याने एक नवं काम जोडलं, तर फाइल एकाच कामाची होते. जुनी शंभर गेली. म्हणून नल आल्यावर लगेच एर्नो बघा. तो इ-नो-एंट (इ-एन-ओ-ई-एन-टी, सगळी मोठी अक्षरं) असेल तरच यादी रिकामी. नाहीतर पी-एररने कारण दाखवा आणि १ देऊन बाहेर पडा. एर्नो बघण्याआधी मधे प्रिंटएफ वगैरे काही घालू नका, त्याने एर्नो बदलू शकतो.

आता ओळी. 'जोवर एफ-इओएफ खोटं आहे तोवर वाच' ही रचना टाळा. फाइल संपल्याची खूण वाचण्याचा प्रयत्न फसल्यावरच लागते, त्यामुळे शेवटची ओळ दोनदा मोजली जाते. यादीत शेवटचं काम दोनदा दिसत असेल तर कारण बहुधा हेच. लूपची अट म्हणून थेट एकेक ओळ वाचणारं एफगेट्स लिहा: ते नल देईल तेव्हा थांबायचं. लूप संपल्यावर एफ-एररने एकदा विचारा की फाइल खरंच संपली की वाचताना अडचण आली.

ओळीच्या बफरचा (वाचलेली ओळ ठेवायच्या जागेचा) आकार किती? मजकूर जास्तीत जास्त ५११ बाइट, दोन इंट प्रत्येकी अकरा अक्षरांपर्यंत, दोन रेघा, नवी ओळ आणि स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट: ५३७. सरळ ६०० घ्या. ओळ त्याहून लांब असेल तर एफगेट्स ती तोडतं आणि उरलेला तुकडा पुढच्या वेळी नवी ओळ म्हणून देतं. हे ओळखायला बफरमध्ये नवी ओळ आहे का ते स्ट्रचर (एस-टी-आर-सी-एच-आर) ने बघा. ती नाही आणि फाइलही संपलेली नाही, म्हणजे ओळ फार लांब.

मग शेवटची नवी ओळ काढा. स्ट्रसीस्पॅन (एस-टी-आर-सी-एस-पी-एन) ला कॅरेज रिटर्न आणि नवी ओळ दोन्ही अक्षरं द्या. त्यातलं पहिलं जिथे भेटेल ती जागा ते सांगतं, तिथे शून्य बाइट ठेवा. दोन्ही अक्षरं का, तर फाइल विंडोजच्या एडिटरमध्ये उघडून सेव्ह केली असेल तर ओळीच्या शेवटी जोडी असते. फक्त नवी ओळ काढलीत तर कॅरेज रिटर्न मजकुराला चिकटून राहतो आणि छापताना कर्सर ओळीच्या सुरुवातीला उडी मारतो.

ओळ फोडायला पुन्हा स्ट्रटोलच. क्रमांक वाचा, ते जिथे थांबलं तिथे उभी रेघ आहे का बघा, एक पाऊल पुढे जाऊन स्थिती वाचा, पुन्हा रेघ बघा, आणि त्यापुढचं सगळं मजकूर. बरेच लेख इथे दिलेल्या फॉरमॅटप्रमाणे भाग वाचणारं एसस्कॅनएफ सुचवतात. त्यात मजकुराची रुंदी फॉरमॅटमध्ये आकड्यात लिहावी लागते. डिफाइनमधला आकार उद्या कमी केलात आणि फॉरमॅटमधला ५११ तसाच राहिला, तर बफर फुटतो.

बिघडलेली ओळ भेटली तर ती सोडून पुढे जाण्याचा मोह होतो. जाऊ नका. आपला प्रोग्रॅम प्रत्येक बदलानंतर पूर्ण फाइल नव्याने लिहितो, त्यामुळे वाचताना सोडलेली ओळ पुढच्या ॲडबरोबर कायमची नाहीशी होते. 'ओळ १७ वाचता आली नाही' असं सांगून थांबा, वापरणाऱ्याला एडिटरमध्ये बघू द्या. पहिलीच ओळ दिसायला ठीक असून वाचली जात नसेल तर फाइलच्या सुरुवातीला बॉम म्हणजे तीन अदृश्य बाइट असण्याची शक्यता आहे; काही एडिटर यूटीएफ-८ (मराठीसह सगळ्या लिपी साठवण्याची पद्धत) मध्ये सेव्ह करताना ते घालतात.

फाइल लिहिणं

एफओपनला 'डब्ल्यू' दिलं की फाइल त्याच क्षणी रिकामी होते. एक अक्षरही लिहिण्याआधी. त्यानंतर डिस्क भरली, प्रोग्रॅम कोसळला किंवा कोणी कंट्रोल-सी दाबलं, तर हातात अर्धी किंवा रिकामी फाइल उरते. म्हणून खऱ्या फाइलला हात लावायचाच नाही. क्रम असा ठेवा:

१. त्याच फोल्डरमध्ये, त्याच नावापुढे टीएमपी जोडून नवी फाइल 'डब्ल्यू'ने उघडा. दुसऱ्या फोल्डरमध्ये नको. तो वेगळ्या डिस्कवर असेल तर शेवटची पायरी फसते.
२. सगळी कामं एफप्रिंटएफने लिहा. उत्तर ऋण आलं तर चूक झाली अशी खूण ठेवा.
३. एफक्लोज करा आणि त्याचंही उत्तर बघा. एफप्रिंटएफ बहुतेक वेळा मेमरीतल्या बफरमध्येच लिहितं. खरं लिहिणं बंद करताना होतं. डिस्क भरली आहे हे त्यामुळे अनेकदा इथेच कळतं.
४. काही बिघडलं असेल तर टीएमपी फाइल रिमूव्हने काढा आणि चूक सांगा. जुनी यादी जशीच्या तशी आहे.
५. सगळं ठीक असेल तर रिनेमने टीएमपी फाइलला खऱ्या फाइलचं नाव द्या.

लिनक्स आणि मॅकवर रिनेम जुन्या फाइलच्या जागी नवी एका झटक्यात बसवतं. मधली अवस्था कोणालाच दिसत नाही. विंडोजवर त्या नावाची फाइल आधीच असेल तर सीचं रिनेम चक्क नकार देतं. तिथे विंडोजचं स्वतःचं मूव्ह-फाइल-एक्स वापरावं लागतं, किंवा आधी जुनी काढून मग नाव बदलावं लागतं, आणि त्या दोन पावलांच्या मधे थोडा धोका राहतो.

या पद्धतीची एक गंमत माहीत असू द्या. फाइलवरची परवानगी काढून ती 'फक्त वाचा' केली तरी रिनेम तिला बदलतं, कारण नाव बदलायला परवानगी लागते ती फोल्डरची, फाइलची नव्हे. म्हणजे नलला रिकामी यादी मानणारा प्रोग्रॅम आणि हे सुरक्षित लिहिणं एकत्र आलं तर परिणाम उलटा होतो: वाचायची परवानगी नसलेली फाइलही रिकामी धरून बदलली जाते. लिहायचीही परवानगी नसती तर साध्या 'डब्ल्यू'ने निदान तिथे नकार दिला असता. एर्नो तपासण्यावर वर इतका भर दिला तो याचसाठी.

दोन टर्मिनलमधून एकाच क्षणी ॲड केलं तर नंतर लिहिणारा जिंकतो आणि पहिल्याचं काम जातं. एकट्याच्या वापरात हे फारसं घडत नाही. पुढे गरज वाटली तर फाइलला कुलूप लावणारं एफलॉक बघा.

चार कमांड

लिस्ट: प्रत्येक कामासाठी एक ओळ. क्रमांक तीन रकान्यांच्या रुंदीत, मग चौकोनी कंस (झालं असेल तर आत फुली), मग मजकूर. मजकूर छापताना प्रिंटएफला तो थेट देऊ नका, टक्का-एस या फॉरमॅटमधून द्या. कामात टक्क्याचं चिन्ह आलं, की थेट दिलेला मजकूर फॉरमॅट समजला जातो आणि प्रिंटएफ नसलेले आर्ग्युमेंट शोधायला निघतं.

ॲड: अवतरण चिन्हं न लावता 'काम ॲड अहवाल पूर्ण करणे' टाइप केलं तर शेल तीन वेगळे शब्द देतो. वापरणाऱ्यावर न चिडता आर्गव्ही[२] पासून शेवटपर्यंतचे शब्द मधे एक जागा ठेवून जोडा. जोडायला एसएनप्रिंटएफ, ते सगळा मजकूर मावला असता तर किती बाइट लागले असते तो आकडा देतं. तो उरलेल्या जागेइतका किंवा जास्त असेल तर मजकूर लांब आहे असं सांगून नाकारा. कापून ठेवू नका. रिकामा मजकूर आणि नवी ओळ असलेला मजकूरही नाकारा. नव्या कामाचा क्रमांक म्हणजे यादीतला सर्वात मोठा क्रमांक अधिक एक. ॲरेतली जागा हाच क्रमांक समजू नका: २ काढलं की ३ चं २ होतं, आणि जुनी यादी डोळ्यांसमोर ठेवून लागोपाठ दोन डिलीट करणारा भलतंच काम उडवतो.

शेलमधल्या काही चिन्हांना स्वतःचा अर्थ असतो. मजकुरात तारा आला तर त्याच्या जागी फोल्डरमधल्या फाइलींची नावं येतात, अँपरसँड आला तर कमांड तिथेच तुटून पार्श्वभूमीला जाते, बॅश या शेलमध्ये शब्दाच्या सुरुवातीला हॅश आला तर पुढचं सगळं गळतं. यात प्रोग्रॅमचा दोष नसतो. वापराच्या सूचनेत 'चिन्हं असतील तर एकेरी अवतरणात लिहा' ही ओळ घाला. दुहेरीपेक्षा एकेरी बरं, बॅशमध्ये दुहेरीत उद्गारचिन्हही त्रास देतं.

डन: क्रमांकावरून जागा शोधणारं एक फंक्शन लिहा, सापडलं नाही तर वजा एक. सापडलं तर स्थिती एक करा आणि फाइल लिहा.

डिलीट: तेच फंक्शन, मग त्यानंतरची सगळी कामं एक घर सुरुवातीकडे सरकवा. मेममूव्ह वापरा, मेमकॉपी नको, कारण उचलण्याची आणि ठेवण्याची जागा एकमेकींवर येतात. किती सरकवायची: एकूण संख्येतून जागा वजा, आणखी एक वजा, गुणिले साइझऑफ. तो 'आणखी एक' विसरला तर ॲरे पूर्ण भरलेली असताना हद्दीबाहेर वाचलं जातं. शेवटी संख्या एकने कमी करा. हेही विसरतं, आणि मग यादीच्या तळाला जुनंच काम दुसऱ्यांदा दिसतं.

मराठीत कामं लिहिलीत तर

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं मोजली जातात. 'अहवाल पूर्ण करणे' या मजकुरात डोळ्यांना नऊ अक्षरं दिसतात. चिन्हं चौदा, त्यांचे ४२ बाइट, मधल्या दोन जागांचे दोन: एकूण ४४. आपल्या ५११ बाइटमध्ये साधारण १७० चिन्हं मावतात, एका कामाला पुष्कळ. बरेच नमुना प्रोग्रॅम मजकुराला ५० बाइट देतात. त्यात वरचं एक वाक्य जेमतेम बसतं.

मजकूर कापू नका असं वर म्हटलं त्याचं हेही कारण आहे. पन्नासाव्या बाइटला कापलं तर चिन्हाचा एखादाच बाइट उरू शकतो आणि टर्मिनलवर शेवटी प्रश्नचिन्हाचा चौकट येतो.

प्रिंटएफला मजकुराची रुंदी सांगितली (टक्का-३०-एस वगैरे) तर तेही बाइटच मोजतं, त्यामुळे मराठी ओळींचे रकाने वेडेवाकडे होतात. मजकूर ओळीत शेवटी छापला की रुंदी सांगायची वेळच येत नाही. विंडोजच्या कन्सोलवर मात्र आर्गव्हीत मराठीऐवजी प्रश्नचिन्हं पोचू शकतात. तिथे डब्ल्यूएसएलच बरं.

मोडून बघा

चालतंय असं वाटलं की मुद्दाम मोडायला बसा. कामफाइल हा व्हेरिएबल तात्पुरत्या फाइलकडे वळवा आणि पुढचं करून बघा.

फाइल नसताना लिस्ट: चूक न देता रिकामी यादी यावी. फाइलच्या शेवटच्या ओळीची नवी ओळ एडिटरमध्ये काढून लिस्ट: शेवटचं काम दिसलंच पाहिजे. मधल्या ओळीतली एक उभी रेघ काढून ॲड: प्रोग्रॅमने ओळ क्रमांक सांगून नकार द्यावा आणि फाइल बदललेली नसावी. डिलीटला शून्य, वजा पाच, अक्षरं, '३अ' आणि वीस अंकी आकडा देऊन बघा.

सीएचमॉडने फाइलच्या सगळ्या परवानग्या काढा (०००) आणि ॲड करा. इथे 'परमिशन डिनाइड' आलं तर तुमचं वाचणं पक्कं. नवं काम जोडलं गेलं तर वाचण्याच्या भागाकडे परत जा. ही चाचणी रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून करू नका, रूटला परवानग्या आड येत नाहीत. लिहिणं फसवायचं असेल तर फाइलची नव्हे, फोल्डरची लिहिण्याची परवानगी काढा.

शेवटची चाचणी लिनक्सवर. लिस्टचं आउटपुट डेव्ह-फुल (/dev/full) या खास फाइलकडे वळवा. ही फाइल कायम 'डिस्क भरली' असंच सांगते. मग शेलमध्ये परत आलेला आकडा बघा. बहुतेकांचा पहिला प्रोग्रॅम इथे शून्य देतो: एक अक्षर कुठे पोचलं नाही, तरी सगळं ठीक. मेनच्या शेवटी एसटीडीआउटवर एफफ्लश करून त्याचं उत्तर तपासा, बिघडलं असेल तर १ द्या, आणि तीच चाचणी पुन्हा चालवा.